सदतीस वेळा चूक

उराता : मान हलवू नका, सर. हातात वस्तरा आहे. एवढा समुद्र ओलांडून मला समजवायला आलात आणि कान कापून घेऊन गेलात, तर शाळेत काय तोंड दाखवाल?

(जपानच्या गोतो बेटांपैकी एका बेटावरचं, धक्क्यासमोरचं केशकर्तनालय. ऑक्टोबरातली दुपार. दुकान उराता फुमिएबाईंचं. वय त्रेसष्ट, गेल्या वर्षी त्यांनी संगणकावरून घरबसल्या शिकवणाऱ्या हायस्कुलात नाव घातलं. खुर्चीत बसलेत ते त्यांचे गणिताचे इसोगाई सर, एकच्या बोटीने पलीकडच्या शहरातून आलेले. बाकावर पेपर वाचत असल्याचं दाखवणारे कोगा हे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांचे केस कालच कापून झालेत.)

इसोगाई : मला केस कापायचे नव्हतेच, उराताबाई. मी बोलायला आलो होतो.

उराता : दुकानात शिरलेल्या माणसाचं मी दुसरं काय करू? आणि समोरासमोर बसून बोलायला मला जमत नाही. आरशात बघून बोला. मी सगळ्यांशी तसंच बोलते.

इसोगाई : तुमचा शाळा सोडण्याचा अर्ज सोमवारी आला. आज पाच वाजता मुख्याध्यापक त्यावर शिक्का मारतील. एकदा शिक्का पडला की पुन्हा येण्यासाठी एप्रिलपर्यंत थांबायचं, नव्याने प्रवेश घ्यायचा. आजवर तसं कुणी परत आलेलं मी पाहिलं नाही. म्हणून म्हटलं, मला आजचा दिवस द्या. तर ते म्हणाले, अर्जात कारण लिहिलंय, तुम्ही कशाला मध्ये पडता.

उराता : लिहिलंयच की कारण.

इसोगाई : 'वैयक्तिक अडचणीमुळे.'

उराता : मग? तेच लिहितात सगळे.

कोगा : तेच लिहितात. मी एकतीस वर्षं टपाल खात्यात काढली. माझ्या हाताखालच्या अकरा जणांनी नोकरी सोडली, अकराही जणांची वैयक्तिक अडचण. त्यातल्या एकाला माझं तोंड बघवत नव्हतं म्हणून तो गेला, हे मला त्याच्या लग्नात कळलं.

उराता : पोस्टमास्तर, तुम्ही पेपर वाचा.

कोगा : वाचतोय. हे पान जरा मोठं आहे.

इसोगाई : तब्येतीचं काही आहे का? की दुकान एकटीने झेपत नाही?

उराता : दुकान चव्वेचाळीस वर्षं झेपतंय. तब्येतीला काय धाड भरलीये?

इसोगाई : मग मला खरंच कळत नाही. जुलैत तुम्ही दोन दिवस शाळेत आला होतात, तेव्हा मी फळ्यावर उदाहरण घातलं. दोन बोटी, एक आधी सुटते, एक मागून, कुठे गाठ पडेल. वर्गातली सतरा-अठरा वर्षांची पोरं कागद शोधत होती आणि तुम्ही मागच्या बाकावरून उत्तर सांगितलंत. त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला तुमच्याबद्दल सांगितलं होतं.

उराता : बोटींचं काय, रोज बघते मी बोटी. ते गणित थोडंच आहे?

इसोगाई : ते गणितच आहे. आणि तुम्ही ते सोडून चाललात.

उराता : सर, हनुवटी वर करा. हां. आता गळ्याशी वस्तरा असताना माणूस मध्ये बोलत नाही, तेवढ्यात मी सांगून टाकते. मला शाळा का हवी होती, माहीतेय? इथे हायस्कूल नाही. दर मार्चमध्ये नववी झालेली पोरं पलीकडे शिकायला जातात, तर जायच्या आदल्या दिवशी सगळी माझ्याकडे येतात केस कापायला. चव्वेचाळीस मार्च मी हेच करतेय. पोरगं खुर्चीत बसतं, मी कात्री चालवते, ते बोटीत बसून जातं आणि मी खाली पडलेले केस झाडते. माझ्या वेळी वडील म्हणाले, धाकटा भाऊ हायस्कुलात जाईल, तुझ्या डोक्यात ते शिरायचं नाही, तू हा धंदा शीक. मी शिकले, तक्रार नाही. पण एकदा वाटलं, आपणही कधीतरी त्या खुर्चीत बसून बघावं. बसले. आणि कळलं की वडिलांचंच बरोबर होतं. माझ्या डोक्यात ते शिरत नाही. झालं. वस्तरा काढला. बोला आता.

इसोगाई : शिरत नाही असं कोण म्हणालं?

उराता : तुम्ही.

इसोगाई : मी?

उराता : सदतीस वेळा. 'उत्तरं चुकली आहेत. पाठ्यपुस्तक नीट वाचून पुन्हा प्रयत्न करा. इसोगाई.' खाली तुमचं नाव असतं. चौथ्या धड्याची चाचणी मी सदतीस वेळा दिली, सर. सदतीसही वेळा दहापैकी शून्य. सहा गुण मिळाल्याशिवाय पाचवा धडा उघडत नाही, कुलूप तुम्हीच लावलंय. मी काय सदतीस वर्षं त्या दारात उभी राहू?

इसोगाई : ते… उराताबाई, तो निरोप मी एकदाच लिहून ठेवलाय. ज्याला सहाच्या खाली गुण मिळतात त्याला तो आपोआप जातो.

उराता : तुम्ही एकदा लिहिलात. मी सदतीसदा वाचला.

कोगा : छापील पत्रांचं हेच असतं. नववर्षाची छापील कार्डं—

उराता : पोस्टमास्तर.

कोगा : वाचतोय, वाचतोय.

उराता : आणि तो निरोप यायला लागल्यापासून माझं काय झालं ते ऐका. केसांच्या रंगाचं मिश्रण मी डोळे झाकून करते. एकास दीड. चव्वेचाळीस वर्षांत कधी चुकलं नाही. पण परवा वाटी हातात घेतली आणि मनात आलं, एकास दीडच ना? नक्की? आता तिथे बघा, आरशाच्या कडेला चिठ्ठी लावलीये. मी, फुमिए उराता, एकास दीडची चिठ्ठी लावते. म्हणून सोडली शाळा. उद्या कात्री धरतानाही अशीच शंका यायला लागली, तर खायचं काय?

इसोगाई : तुम्ही विचारलं का नाही मला? विचारण्यासाठी तिथे पान आहे. 'शंका विचारा' म्हणून मुद्दाम वर ठेवलंय.

उराता : ते सगळ्यांना दिसतं. नातवाच्या वयाच्या पोरांपुढे, मला एकही उत्तर येत नाही हो, असं लिहू? दोनदा लिहिलं होतं. तुमची ऐन कामाची वेळ, क्षमा असावी, वगैरे सगळं नीट घालून. मग पुसून टाकलं. एवढ्याशा गोष्टीसाठी कुणाला कशाला त्रास.

इसोगाई : मी चाळीस मैलांवर बसून शिकवतो ते त्रास घेण्यासाठीच. सहा वर्षांपूर्वी शाळेच्या कोठीत पडलेल्या जुन्या यंत्रावर मी हे मूडल, म्हणजे तुमचे धडे आणि चाचण्या चालवणारी ही प्रणाली, बसवलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत, एकट्याने. विकतचं घ्यायला शाळा तयार नव्हती. हे फुकट मिळतं. जगभरच्या मास्तर लोकांनी, जाणकारांनी मिळून वाढवलंय. आतलं सगळं उघडं असतं. कुणीही बघावं, काही बिघडलं तर दुरुस्त करावं, दुसऱ्याला द्यावं. मला ती गोष्टच फार आवडली होती. वाटलं, आता बेटांवरच्या माणसाला बोटीची वाट बघायला नको.

कोगा : सर, मी एक बोलू का? फुमिएबाई रागावतील.

उराता : रागावले तरी तुम्ही थांबणार आहात का?

कोगा : सप्टेंबरात ह्यांनी मला ती उदाहरणं वहीवर लिहून दाखवली होती. मी पेन्सिल घेऊन सगळी करून बघितली. मला काही मोठं गणित येत नाही, पण तराजू आणि तिकिटं ह्यांत जन्म गेलाय. पहिल्याचं उत्तर सात. ह्यांचंही सात. दुसऱ्याचं बारा, ह्यांचंही बारा. मी म्हटलं, बरोबर आहे की.

उराता : म्हणाले खरे. मला वाटलं, रोजचं गिऱ्हाईक, भिडेखातर म्हणतंय. ह्यांच्या टकलावर उरलेले केस मी दाट आहेत म्हणते, तसंच.

कोगा : म्हणजे ते दाट नाहीत?

इसोगाई : थांबा, थांबा. पहिल्याचं उत्तर सातच आहे. तुम्ही सात लिहिलं होतंत?

उराता : छत्तीस वेळा सात. एकदा आठ लिहून बघितलं, म्हटलं यंत्राची काही वेगळी इच्छा असेल. तेही चूक.

इसोगाई : तो टॉवेल काढता का? तुमचा संगणक कुठे आहे?

उराता : अर्धी दाढी राहिलीये.

इसोगाई : राहू दे. संगणक दाखवा.

उराता : हा काय. मुलगा नवा घेऊन गेला, जुना मला ठेवला. फोनवरचं मला वाचता येत नाही, बारीक. घ्या. साबण लावू नका त्याला.

इसोगाई : आता मी काही बोलत नाही. तुम्ही नेहमी करता तसंच करा. पहिला प्रश्न.

उराता : सात. हे बघा. दुसरा बारा. पुढची राहू देत, एवढ्यावरच दिसेल. झालं, पाठवलं. घ्या, आलं तुमचं पत्र. 'उत्तरं चुकली आहेत. पाठ्यपुस्तक नीट—'

इसोगाई : वाचू नका. कृपा करून वाचू नका. थांबा जरा. मी माझ्या फोनवर लिहितो. सात. बारा. पाठवलं.

कोगा : सरांना दोन गुण मिळाले.

उराता : सरांचं यंत्र, सरांना ओळखतं.

इसोगाई : नाही. इथे बघा, दोन्ही शेजारी ठेवतो. हे तुमचं सात, हे माझं. काही फरक दिसतो?

उराता : माझं जरा ऐसपैस बसलंय.

इसोगाई : तेच. तुमच्या संगणकाचा कळफलक आपली जपानी लिपी उमटवायच्या सोयीवर ठेवलाय. त्या सोयीत आकडाही अक्षराएवढा रुंद उमटतो. फोनवर बहुधा अरुंद उमटतो. वर्गातली पोरं सगळी फोनवर चाचणी देतात. माणसाला दोन्ही सातच. यंत्राला मात्र ती दोन वेगळी चिन्हं आहेत. मी उत्तरांच्या यादीत फक्त अरुंद सात घातलंय. रुंद आला तरी चालेल, असं त्याला सांगायला हवं होतं. दहा प्रश्नांना मिळून पाच मिनिटांचं काम. पहिल्या तीन धड्यांत बरोबर पर्यायावर नुसत्या खुणा करायच्या होत्या, म्हणून तिथे अडलं नाही. चौथ्यापासून आकडे लिहायचे. घोडं तिथे पेंड खात होतं.

कोगा : म्हणजे ह्यांचं सगळं बरोबर होतं आणि आकडा जाडा म्हणून नापास?

इसोगाई : हो.

कोगा : अहो, पाकिटावर पत्ता कसाही गिचमिड लिहिलेला असो, आम्ही पोचवत होतो.

उराता : सर, तुमच्यापुढे माझी उत्तरं दिसत नाहीत का?

इसोगाई : यादी दिसते. नाव, वेळ, गुण. शून्य, शून्य, शून्य. उत्तर बघायचं तर त्या शून्यावर बोट ठेवावं लागतं.

उराता : आणि तुम्ही ठेवलं नाही.

इसोगाई : नाही. मला वाटलं, अंदाजाने काहीतरी ठोकून देताहेत.

उराता : आत्ता म्हणालात ना, आतलं सगळं उघडं असतं, कुणीही बघावं. उघडं होतं तर बघितलं का नाहीत?

इसोगाई : बघायला हवं होतं.

उराता : राग आलाय मला. सांगून ठेवते. तुमची अर्धी दाढी तशीच ठेवून तुम्हाला बोटीत बसवावं, असं वाटतंय.

इसोगाई : बसवा. पण आधी मला हे दुरुस्त करू द्या. दहाही प्रश्नांत रुंद आकडे घालतो. मग जुन्या सगळ्या उत्तरांना नव्याने गुण द्यायला सांगता येतं. सहा वर्षांतल्या सगळ्यांना.

कोगा : फुमिएबाई, चहा ठेवता का?

उराता : तुम्हीच ठेवा. बसते जरा. त्या निरोपावर सदतीस वेळा विश्वास ठेवला मी. एकदाही मनात आलं नाही की यंत्र चुकलं असेल. आपणच मठ्ठ, हेच आधी मनात येतं. पन्नास वर्षं झाली वडिलांना ते बोलून, पण कुठे आत बसलेलं असतं कोण जाणे.

इसोगाई : झालं. आले गुण. तुमची पहिली चाचणी, तीन सप्टेंबर. दहापैकी नऊ.

उराता : पहिलीच?

इसोगाई : पहिलीच. नंतरच्या छत्तीस द्यायचं कारणच नव्हतं.

कोगा : घ्या. आता मिठाई काढा.

उराता : सर? काय झालं? खाली काय बघताय? माझे नऊचे परत शून्य झाले का?

इसोगाई : नाही. खाली आणखी नावं बदलली आहेत. चार. ही माणसं आता शाळेत नाहीत. ओत्सुबो म्हणून एक गृहस्थ होते, जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात वेल्डिंग करायचे, वय बावन्न. दोन वर्षांपूर्वी सोडून गेले. अकरा वेळा चाचणी दिली होती त्यांनी. आता गुण दिसताहेत, पहिल्याच वेळी दहापैकी दहा.

कोगा : अरेरे.

इसोगाई : बाकीचे तिघेही तसेच. आठ, सात, नऊ. सगळे चाळिशीच्या पुढचे, सगळे घरच्या किंवा कारखान्यातल्या संगणकावरून लिहिणारे. चौघांच्याही अर्जात वैयक्तिक अडचण.

उराता : आणि तुम्ही त्यांच्याकडे गेला नव्हतात.

इसोगाई : गेलो नव्हतो. त्याहून वाईट केलंय मी. गेल्या डिसेंबरात फुकुओकाला आमचं संमेलन झालं, मूडलवर शिकवणाऱ्या मास्तरांचं. तिथे मी भाषण केलं. पडद्यावर आलेख दाखवला, वयस्क विद्यार्थी चौथ्या धड्यापाशीच कसे गळतात ह्याचा. चौथ्या धड्यात समीकरणं सुरू होतात. मी म्हणालो, आकड्यांच्या जागी अक्षर आलं की मोठी माणसं बिचकतात, वयाबरोबर ती भीती वाढते. साठ माणसं होती. लोकांनी आलेखाचे फोटो काढले. टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी मोठं भाषण द्या, म्हणाले.

उराता : चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि वर त्याचं चित्र.

इसोगाई : त्या आलेखात एक ठिपका म्हणजे ओत्सुबो होते.

कोगा : चहा घ्या, सर. गरम आहे तोवर घ्या.

इसोगाई : आधी फोन करतो. हॅलो, इसोगाई बोलतोय. मुख्याध्यापकांना द्या. हो, सर, बेटावरूनच. उराताबाईंचा अर्ज थांबवा. त्या अजून हो म्हणालेल्या नाहीत, पण शिक्का मारू नका. कारण? कारण त्यावर लिहिलंय ते खरं नाही. शिक्षकाने चाचणी चुकीची लावली होती, असं लिहा. हो, माझंच नाव. नाही, आडून नको, सरळ लिहा. आणि उद्या मला तुमची वेळ हवी आहे, आणखी चार अर्ज आहेत, जुने. हो. ठेवतो.

उराता : मी हो म्हणाले नाही, हे बरं सांगितलंत.

इसोगाई : तुमच्या वतीने बोलायचा मला आता हक्क नाही. त्या चौघांना मी आजच पत्र लिहितो. सगळं सविस्तर. क्षमा मागून.

उराता : पत्र नको.

इसोगाई : का?

उराता : तुमची पत्रं मी वाचली आहेत, सर. मनाला लागतात, पण त्यातून तुम्ही दिसत नाही. खाली नाव इसोगाई आणि आत माणूसच नाही. तो वेल्डर पाकीट बघेल, शाळेचं नाव बघेल आणि न उघडता फेकून देईल. मी असते तर फेकलं असतं. तुम्ही जा. माझ्याकडे आलात तसे जा. दारात उभे राहा. शिव्या देईल, खा. नाही तर त्याला काय, मरेपर्यंत वाटत राहणार आपण मठ्ठ म्हणून. तुमच्या यंत्राची तेवढी दुरुस्ती अजून बाकी आहे.

कोगा : पत्ते असतील तर मला द्या. ह्या बाजूच्या सगळ्या बेटांवरची घरं मला माहीत आहेत. बदलले असतील तरी शोधून देईन.

इसोगाई : जातो. प्रत्येकाकडे जातो. आणि डिसेंबरात त्याच संमेलनात तोच आलेख पुन्हा दाखवीन, तो खोटा का होता ते सांगायला.

उराता : टाळ्या नाही वाजणार.

इसोगाई : नकोत. आणि तुमचं काय, उराताबाई?

उराता : माझं काय? आधी खुर्चीत बसा. अर्ध्या दाढीने लोकांच्या दारात जाऊ नका, शोभत नाही. पोस्टमास्तर, गरम टॉवेल द्या इकडे.

कोगा : आता मी पेपर वाचू का टॉवेल देऊ?

इसोगाई : पाचवा धडा आता उघडा आहे. वाटलं तरच. मी आग्रह करत नाही.

उराता : पाचव्याचं मागाहून. नऊ मिळाले म्हणालात ना? दहापैकी नऊ. एक गेला तो कुठला?

इसोगाई : आठव्या प्रश्नाचा. तो जाऊ दे. एवढं सगळं झाल्यावर त्या एका गुणाचं काय घेऊन बसायचं. मी तो भरून देतो.

उराता : भरून कशाला देता? तोही आकड्याच्या रुंदीमुळे गेला का?

इसोगाई : नाही. तो खरोखरच चुकलाय. उणे तीन बरोबरच्या चिन्हापलीकडे नेताना तुम्ही उणेच ठेवलंत.

उराता : पलीकडे गेलं की बदलतं का ते?

इसोगाई : बदलतं.

उराता : म्हणजे ही चूक माझी. अगदी माझी स्वतःची.

इसोगाई : हो.

उराता : मग ते भरून बिरून काही देऊ नका. ती वही घ्या, पेन्सिल त्या डब्यात आहे. कुठे घसरले ते दाखवा मला.